रनिंग कंडिशन

"फियाट, मॉडेल १९७४, रनिंग कंडिशन, पेपर क्लिअर, विकणे आहे."

अशा जाहिराती एके काळी मराठी पेपरांच्या छोट्या जाहिरातींत हमखास असायच्या. शब्दागणिक पैसे पडायचे, त्यामुळे जाहिरात देणारा माणूस जपून लिहायचा. रंग गाळायचा, किंमत गाळायचा, गाडीवर किती प्रेम केलं ते तर अर्थातच गाळायचा. पण 'रनिंग कंडिशन' हे दोन शब्द सहसा सुटायचे नाहीत. गाडी चालते, म्हणजे किल्ली फिरवा आणि घरी घेऊन जा, टेम्पोत घालून न्यावी लागणार नाही, एवढा भरवसा त्या दोन शब्दांत असायचा.

गंमत अशी की हे शब्द सत्तर वर्षांत बदलले नाहीत, त्यांचा अर्थ मात्र तीन-चार वेळा बदलला. १९६५ साली चालती फियाट विकणं, १९९५ साली विकणं आणि आज विकणं ही तीन वेगवेगळी कामं आहेत. लोखंड तेच, इंजिन तेच १०८९ सीसीचं. मग बदललं काय? या प्रश्नाच्या मागे लागलं की गाडीबरोबर बऱ्याच गोष्टी हाताला लागतात, म्हणून हा लेख.

आणि याची जागा घोलवड. डहाणू रोडच्या पुढचं पश्चिम रेल्वेचं स्टेशन, त्यापुढे लगेच उंबरगाव आणि संजाण, म्हणजे गुजरात. २०१३ साली मुंबईची लोकल डहाणूपर्यंत आली, पण घोलवडच्या अलीकडेच थांबली. इथे चिकूच्या वाड्या आहेत, त्यातल्या कितीतरी इराणी आणि पारशी कुटुंबांच्या. 'डहाणू घोलवड चिकू' म्हणून या फळाला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. अशा वाडीत घराशेजारी कौलारू शेड असते, शेडमध्ये पंप, पाइप, रिकामे खोके, आणि एखाद्या शेडमध्ये ताडपत्रीखाली एक फियाट. जुन्या गाड्या टिकायला ही जागा दोन कारणांनी बरी. एक म्हणजे सावली आणि जागा भरपूर, त्यामुळे "पार्किंग नाही म्हणून विकली" हे मुंबईचं कारण इथे लागू नाही. दुसरं म्हणजे गाडी वर्षाला फार फिरत नाही. स्टेशन, बोर्डी, डहाणूचा बाजार, कधीतरी उदवाडा, फारच झालं तर मुंबई.

पण जागा वाईटही आहे, आणि तेही एकाच कारणाने: समुद्र. खारा वारा पत्र्याला सोडत नाही. वरून पॉलिश केलेली गाडी दिमाखात उभी असते आणि पायाखालचं मॅटिंग उचललं की खालची जमीन दिसते! फियाटला वेगळी चॅसिस नाही, पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा. त्यामुळे किनाऱ्यावरची गाडी बघायला आलेला जाणकार माणूस आधी बॉनेट उघडत नाही, आधी खाली वाकतो. इंजिन पुन्हा बांधता येतं, पण गंजलेला तळ बांधणं हे फार मोठं काम.

आता जरा मागे जाऊ या.

स्वातंत्र्याच्या आधी इथली मोटार म्हणजे बाहेरून आलेली मोटार. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला सुटे भाग जोडून गाड्या तयार करायला सुरुवात केली होती, पण ती जोडणी. गाडी भारतात बनवायची हा ध्यास वालचंद हिराचंद यांचा. सोलापूरचा हा माणूस, जहाज, विमान आणि मोटार या तिन्हींच्या मागे लागलेला. १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली, कुर्ल्याला कारखाना उभा राहिला आणि सुरुवातीला क्रायस्लरच्या डॉज, डिसोटो, प्लिमथ या मोठाल्या अमेरिकन गाड्या तिथे जोडल्या जाऊ लागल्या. या गाड्या संस्थानिकांच्या आणि मोठ्या पेढीवाल्यांच्या. डॉक्टर, वकील, वाडीमालक यांना परवडेल अशी छोटी गाडी इटलीतून आली: फियाट. वालचंद १९५३ साली गेले, आणि पुढच्याच वर्षी कुर्ल्यात फियाट ११०० सुरू झाली. इटलीत हे मॉडेल १९५३ सालीच बाजारात आलं होतं. म्हणजे त्या क्षणी आपण जगाच्या फक्त एक वर्ष मागे होतो! हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढे ते कधीच खरं राहिलं नाही.

त्या पहिल्या गोल नाकाच्या फियाटला मराठी माणसाने 'डुक्कर फियाट' असं नाव दिलं. नावात तुच्छता नव्हती, बैलाला 'ढवळ्या' म्हणावं तशी ती ओळख होती. तिचे पुढचे दरवाजे उलटे उघडायचे, बिजागरी मागच्या बाजूला. मग १९६४ साली 'डिलाइट' आली, चौकोनी अंगाची, दरवाजे सरळ. त्याच बांध्याची गाडी १९७२ नंतर 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ च्या सुमारास 'प्रीमियर पद्मिनी', चितोडच्या राणीच्या नावाने. फियाटशी करार संपला होता, म्हणून नाव बदललं. पण लोकांनी ते मनावर घेतलं नाही. आरसी बुकात काहीही लिहिलेलं असो, घरात ती 'फियाट'च राहिली.

या गाडीची लांबी चार मीटरच्या आत. पण पुढची सीट सलग बाकासारखी आणि गिअर स्टेअरिंगखाली, त्यामुळे समोर तिघं आणि मागे चौघं बसायचे. मुलं मोजायची पद्धत नव्हती. आजच्या हिशेबाने ही छोटी गाडी, त्या काळच्या हिशेबाने अख्ख्या घराची गाडी.

आता विक्रीकडे येतो.

साठ आणि सत्तरच्या दशकांत भारतात मोटारी बनवणारे मुख्य तीनच. कलकत्त्याकडे अ‍ॅम्बेसेडर, मद्रासला स्टँडर्ड आणि मुंबईला फियाट. किती गाड्या बनवायच्या ते परवान्यावर ठरायचं, बाहेरून गाडी आणणं जवळजवळ बंद. नवी फियाट हवी तर नाव नोंदवायचं, पैसे भरायचे आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. सरकारी कोटा वेगळा. शिवाय १९६९ साली सरकारने नव्या गाडीची किंमतही ठरवून दिली. कंपन्या कोर्टात गेल्या, आणि 'प्रीमियर ऑटोमोबाईल्स विरुद्ध भारत सरकार' या खटल्याचा निकाल सुप्रीम कोर्टाने १९७१ साली दिला.

आता बघा कसं झालं. नव्या गाडीची किंमत दिल्ली ठरवत होती, पण जुन्या गाडीची किंमत ठरवायला कोणी नव्हतं, ती बाजारच ठरवायचा. आणि बाजाराला एकच गोष्ट ठाऊक होती: नवी गाडी मिळत नाही, जुनी समोर उभी आहे. परिणामी चांगल्या स्थितीतली, थोडी वापरलेली फियाट नव्या फियाटपेक्षा जास्त भावाने जायची. आजच्या मुलांना हे खोटं वाटेल. शोरूममधून बाहेर पडली की गाडीची किंमत उतरते हे आपण गृहीत धरतो. त्या काळी बाहेर पडली की चढायची! तेव्हा 'रनिंग कंडिशन' याचा अर्थ होता "रांगेत उभं राहू नका, ही घ्या". विकणारा राजा होता. तो गाडी विकत नव्हता, तो वाचवलेली वर्षं विकत होता.

त्या काळात घोलवड-बोर्डीकडे गाडी असणं म्हणजे काय, हेही सरळ सांगितलं पाहिजे. हा वारल्यांचा मुलूख. १९४५ साली शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली इथल्या वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला, तलासरी तालुक्यातली झरीची सभा त्याची सुरुवात मानतात. त्याच वर्षी बोर्डीत ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं बालशिक्षणाचं काम सुरू झालं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. म्हणजे एकाच पंचक्रोशीत कोणी पायी चालत होतं, कोणी आंगणवाडी भरवत होतं आणि कोणाच्या दारात मोटार होती. वाडीमालकाची गाडी ही मालकीची खूण होती, हे नाकारून चालणार नाही. पण ज्या गावात एक-दोनच गाड्या, तिथे ती गाडी फक्त मालकाची राहत नाही हेही तितकंच खरं. अडलेली बाळंतीण, साप चावलेला गडी, लग्नाची वरात, शेवटची गाडी चुकलेला पाहुणा, सगळ्यांना तीच. अशी गाडी विकायला काढली की गाव विचारतं, "शेठ, मग रात्रीचं काय?" या प्रश्नाचं उत्तर कुठल्या जाहिरातीत बसणार?

मधेच एक कागदाची गोष्ट सांगतो, कारण ती फक्त याच भागात घडू शकते. १ मे १९६० पर्यंत घोलवड आणि उंबरगाव एकाच जिल्ह्यात होते, ठाणे जिल्ह्यात. दोन्हीकडे तोच समुद्र, त्याच वाड्या, घरात तीच गुजराती आणि बाजारात तीच मराठी. महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले आणि उंबरगाव पलीकडे गेलं. घोलवडहून उंबरगावला गाडी विकायची तर १९५९ साली तो शेजाऱ्याशी केलेला व्यवहार होता, नंतर तो परराज्यातला व्यवहार झाला. आजही तसंच. गिऱ्हाईक सायकलवर येऊन गाडी बघून जाईल इतकं जवळ, पण त्याला गाडी द्यायची तर आधी आपल्या आरटीओची एनओसी, मग त्याच्याकडचा कर, मग नवा नंबर. शिवाय आपल्याकडचे जिल्हे बदलले ते वेगळंच. २०१४ साली ठाण्यातून पालघर जिल्हा निघाला. १९८९ पर्यंतच्या गाड्यांचा नंबर तीन अक्षरं आणि चार आकडे एवढाच, 'एमएच' आणि जिल्ह्याचा आकडा ही पद्धत त्यानंतरची. खऱ्या शौकिनाला तो जुना तीन अक्षरी नंबर गाडीइतकाच प्यारा असतो, आणि सीमा ओलांडली की तोच जातो. पाच-दहा किलोमीटरच्या अंतरासाठी!

असो. तर ते राजेपण संपलं कधी, याची तारीख सांगता येते. १४ डिसेंबर १९८३. त्या दिवशी मारुती ८०० ची पहिली किल्ली दिल्लीत एका ग्राहकाच्या हातात पडली. किंमत पन्नास हजारांच्या आसपास. हलकी, सकाळी एका सेल्फमध्ये सुरू होणारी, पेट्रोल कमी पिणारी. फियाटवाल्यांनी सुरुवातीला "पत्रा बघा, पत्रा!" असं म्हणून बघितलं. पण ज्याने पावसाळ्यात चोक ओढून, मग बंद करून, मग परत ओढून, शेवटी दोन गड्यांना हाक मारून धक्का मारून फियाट सुरू केली होती, त्याला पत्र्याचं कौतुक किती दिवस राहणार? इटलीपेक्षा एक वर्ष मागे असलेली आपली गाडी आता जगाच्या वीस वर्षं मागे होती. कारखान्याचा दोष होताच, पण गिऱ्हाईक हक्काने रांगेत उभं असताना कोण कशाला बदलेल? शतक पालटता पालटता पद्मिनीचं उत्पादन थांबलं. कुर्ल्याच्या त्या जागेवर आता कोहिनूर सिटीच्या इमारती आहेत.

मारुतीनंतर 'रनिंग कंडिशन'चा अर्थ एकदम खाली आला. आता तो झाला "अजून चालते हो, भंगारात देऊ नका". जुनी गाडी ही गरिबाची पहिली गाडी झाली. हप्ता नको, थोडक्यात काम.

इथे मला जी गोष्ट सांगायची आहे ती येते. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही घोलवडची फियाट चालत राहिली ती कोणाच्या जिवावर? मालकाच्या प्रेमावर? माझं उत्तर आहे: मुंबईच्या टॅक्सीवर.

कलकत्त्यात टॅक्सी म्हणजे अ‍ॅम्बेसेडर, तशी मुंबईत टॅक्सी म्हणजे फियाट. काळी-पिवळी. हजारो गाड्या, दोन-दोन पाळ्यांत चालणाऱ्या. त्यांना रोज काहीतरी लागणारच. क्लच प्लेट, ब्रेकचे रबर, वॉटर पंप, कार्बोरेटरचं किट, दरवाजाची कडी. मागणी रोजची, म्हणून माल बनवणारे होते, माल ठेवणारी दुकानं होती, कुर्ल्यापासून ग्रँट रोडपर्यंत मिस्त्री होते. ज्यांनी दिवसाला तीन फियाट उघडल्या ते हात आवाजावरून सांगायचे, टॅपेट आहे की टायमिंग. घोलवडच्या मालकाने सकाळची गाडी पकडायची, मुंबईत पार्ट घ्यायचा, संध्याकाळी परत. डहाणूच्या गॅरेजवाल्यानेही हात मुंबईतच बसवलेला. म्हणजे वाडीतली ती निवांत, पॉलिश केलेली, रविवारी बाहेर निघणारी गाडी जिवंत होती ती रात्रंदिवस राबणाऱ्या, पत्रा ठोकून ठोकून कागदासारखा झालेल्या टॅक्सीच्या जोरावर. शौकिनाची गाडी कष्टकऱ्याच्या गाडीने जगवली.

मग टॅक्सीला वयाची मर्यादा आली. मुंबईत टॅक्सीचं आयुष्य वीस वर्षं ठरलं. सँट्रो, वॅगन आर आल्या. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदवली गेली होती. वीस वर्षं पूर्ण झाली आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीला तीही रस्त्यावरून उतरली. पेपरांत फोटो आले, लोकांनी हळहळ व्यक्त केली. एक टॅक्सी गेली एवढंच बातमीत होतं. पण तिच्यामागे दुकानं, गोदामं आणि मिस्त्र्यांचे हात हळूहळू आधीच निघून गेले होते, ते बातमीत नव्हतं.

म्हणून मला वाटतं, 'रनिंग कंडिशन' ही गाडीची अवस्था नाहीच. ती गाडीच्या भोवतालची अवस्था आहे. पार्ट देणारं दुकान, आवाज ओळखणारा मिस्त्री, चालेल असं पेट्रोल, चालू देणारा कायदा, इतकं सगळं जुळलेलं असतं तेव्हा गाडी 'चालते'. यातलं एक-एक निखळत जातं आणि गाडी जागच्या जागी उभी राहून बंद पडते, इंजिन ठणठणीत असूनसुद्धा.

आज भोवतालची अवस्था काय आहे, तीही बघू या.

पहिलं पेट्रोल. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. १९७४ च्या गाडीचे रबरी पाइप, गॅस्केट आणि पंपाचे पडदे यासाठी बनलेलेच नव्हते. इथेनॉल पाणी ओढतं, आणि दमट किनाऱ्यावर महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत ते पाणी काय करतं ते सांगायला नको. उपाय आहेत. पाइप बदलायचे, टाकी कमी भरायची, आठवड्यातून एकदा तरी गाडी फिरवायची. पण हे सगळं माहीत असलेला मालक पाहिजे.

दुसरा कायदा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवायची. या वाढवण्याची फी मोटारीसाठी एके काळी ६०० रुपये होती. एप्रिल २०२२ पासून ती ५,००० झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी १०,०००. त्यावर महाराष्ट्राचा पर्यावरण कर आहे. गाडी घेताना जेवढी किंमत मोजली, जवळपास तेवढीच रक्कम आता कागदाला लागली तर आश्चर्य नको. हेतू समजतो. धूर कमी व्हावा, जुनी वाहनं हटावीत. वर्षाला तीनशे किलोमीटर फिरणारी वाडीतली फियाट आणि दिवसाला तीनशे किलोमीटर धूर ओकणारा डिझेल टेम्पो यांना वय या एकाच फुटपट्टीने मोजलं जातं, एवढीच तक्रार.

तिसरी वाट म्हणजे 'व्हिंटेज'. शौकिनांच्या भाषेत हा शब्द १९१९ ते १९३० मधल्या गाड्यांचा, फियाट त्यात बसत नाही. पण केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये नियम केले, त्यात पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली, मोठे बदल न केलेली खासगी गाडी 'व्हिंटेज' ठरते. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. नोंदणीची फी २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी, पुढे वाढवायला ५,०००. १९७४ ची पद्मिनी आता या दारात उभी आहे. डिलाइट आणि डुक्कर तर केव्हाच आत गेल्या. ज्यांनी पेट्रोल महागलं म्हणून डिझेलचं इंजिन बसवलं त्यांची मात्र पंचाईत, कारण मूळ रूप गेलं.

चांगली गोष्ट आहे ना? आहे. पण अट वाचा. अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच. म्हणजे घोलवडच्या शेठनी गाडी व्हिंटेज करून घेतली की ती मिरवता येईल, पण तिच्यातून चिकूचा खोका स्टेशनवर नेता येणार नाही, नातवाला शाळेत सोडता येणार नाही. जर्मनीत १९९७ पासून तीस वर्षांवरच्या जपलेल्या गाडीला नंबराच्या शेवटी 'एच' अक्षर मिळतं आणि ती खुशाल रस्त्यावर चालवता येते. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांवरच्या गाडीला करातून आणि वार्षिक तपासणीतून सूट मिळते, आणि म्हातारे लोक तिच्यातून भाजी आणायला जातात. त्यांनी जुन्या गाडीला म्हातारपणाची सवलत दिली. आपण तिला सन्मानाने घरी बसवलं. चालत्या गाडीला 'चालू नकोस' असं सांगणारा सन्मान मला थोडा विचित्र वाटतो.

मग अशी गाडी विकायची की नाही, आणि कोणाला?

घोलवडच्या गाडीकडे आज तीन प्रकारचे लोक येतात. पहिला भंगारवाला. तो वजनावर बोलतो, त्याच्याशी वाद नाही. चालती असो की बंद, त्याला सारखीच. दुसरा शूटिंगला किंवा लग्नाला गाड्या पुरवणारा. त्याला रूप हवं, आतलं काही नको. क्रोम चमकलं पाहिजे, सीटचं रेक्झिन लाल पाहिजे, गाडी ट्रकवर चढवून नेता येते. तिसरा शौकीन, मुंबई-पुण्याचा किंवा वापी-सुरतेचा. तो येतो, खाली वाकतो, मॅटिंग उचलतो, इंजिन थंड असतानाच सुरू करायला सांगतो. गरम करून ठेवलेली गाडी तो मानत नाही. सायलेन्सरला हात लावून बघतो, निळा धूर दिसला की रिंग गेल्या म्हणतो. भाव पाडतो, घासाघीस करतो, शेठना राग येतो. आणि तरीही गाडी द्यावी ती यालाच. कारण तिघांत हा एकटाच 'रनिंग कंडिशन'बद्दल भांडतोय.

आणि द्यायची तर चालती असताना द्यावी. "राहू दे, बाबांची आठवण आहे" म्हणून ठेवलेली गाडी आठवण राहत नाही. पहिल्या वर्षी बॅटरी बसते, दुसऱ्या वर्षी ब्रेक जाम होतात, तिसऱ्या वर्षी उंदीर वायरी खातात, आणि खारा वारा तर रोजच्या रोज खात असतो. आजची चालती गाडी पाच वर्षांनी 'दुरुस्त होऊ शकेल अशी' होते आणि दहा वर्षांनी भंगारवाल्याची. दुःख विकण्यात आहे हे मान्य. पण उभं ठेवून कुजवण्यात ते कमी होत नाही, फक्त हप्त्याहप्त्याने भरावं लागतं.

देताना मात्र नुसती गाडी देऊ नये. शेडमधला तो डबा द्यावा, ज्यात जुने प्लग, एक जास्तीचा कार्बोरेटर, काचेचा रबर आणि कशाचे ते न कळणारे बोल्ट असतात. कोणत्या मिस्त्रीने काय काम केलं ते सांगावं, आणि मिस्त्री हयात असेल तर त्याची गाठ घालून द्यावी. सकाळी चोक किती ओढायचा आणि दुसरा गिअर कसा लाडीगोडीने टाकायचा, हे शेजारी बसून दाखवावं. हा सगळा 'रनिंग कंडिशन'चाच भाग आहे, आणि तो आरसी बुकात कुठेच लिहिलेला नाही.

आणि हो, कागद. पैसे हातात आले, पेढे वाटले, गाडी गेली, म्हणून प्रकरण संपत नाही. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून कोऱ्या देऊ नयेत. आपण स्वतः आरटीओला कळवावं, कायद्यात राज्यातल्या राज्यात त्यासाठी चौदा दिवस आहेत. सुप्रीम कोर्टाने २०१८ साली एका प्रकरणात स्पष्ट सांगितलं की गाडी पुढे कितीही जणांना विकली गेली असली तरी पुस्तकात ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईच्या बाबतीत तोच मालक. पूर्वीच्या भाबड्या व्यवहारांत, विशेषतः ओळखीत, नाव बदलायचं राहून जायचं. सीमेपलीकडच्या व्यवहारात तर हटकून. गाडी उंबरगावला फिरते आहे आणि मालक घोलवडला आरामखुर्चीत, असं होऊ देऊ नये.

वालचंदांनी कारखाना काढला तेव्हा त्यांना गाडी चालती हवी होती, कुलपात ठेवलेली नव्हे. चिकूचं झाड शंभर वर्षं फळ देऊ शकतं, कारण त्याच्याकडे रोज कोणीतरी लक्ष देतं. गाडीचंही तसंच, फक्त तिला लक्ष देणारे हात आता कमी उरलेत. तुमच्या घरी, ओळखीत कुठे ताडपत्रीखाली फियाट असेल तर या रविवारी ताडपत्री काढून बघा. सुरू होते का बघा. झाली, तर विकायची की ठेवायची याचा निर्णय अजून तुमच्या हातात आहे.